पोहणारे आणि बसलेले

बाटली फिरवायला मनगट लागतं, जोर नाही. मान धरायची, बाटली उलटी करायची, हलकेच सुलट आणून एकच वेढा द्यायचा आणि थांबवायची. काच थांबते. आतलं पाणी थांबत नाही. पाण्यात काही असेल तर तेही फिरत राहतं, आणि फिरतं म्हणूनच दिसतं. जोर जास्त झाला की बुडबुडे होतात, मग बुडबुडा कुठला नि काच कुठली हे ठरवण्यात वेळ जातो. जोर कमी पडला तर कण तळाला पडून राहतो. माझ्या वहिनीनं हे काम सव्वीस वर्षं केलं. तिच्या बाटलीत बुडबुडा झालेला मी पाहिला नाही.

कारखाना सलाईनचा. माणसाच्या शिरेतून चढवायचं पाणी, काचेच्या बाटल्यांत. भरलेल्या, बूच बसवलेल्या बाटल्या माझ्या वाफेच्या भट्टीत यायच्या आणि तिथून निवून तपासणीच्या खोलीत जायच्या. खोलीत पाच टेबलं. प्रत्येक टेबलावर दिव्याची पेटी. पेटीची मागची बाजू अर्धी पांढरी, अर्धी काळी. पांढऱ्यासमोर काळे कण दिसतात, काळ्यासमोर काच आणि धागे. पाच आकडे मोजेपर्यंत इकडे, पाच तिकडे. खराब बाटली चिठ्ठी लावून लाल क्रेटमध्ये, चांगली निळ्या क्रेटमध्ये, आणि निळ्या क्रेटवर तपासणाऱ्या बाईचा नंबर. वहिनीचा नंबर सात.

खोलीतल्या बायकांनी खराब बाटल्यांना आपली नावं दिली होती. पाण्याबरोबर फिरणारा कण म्हणजे ‘पोहणारा’. काचेला आतून चिकटलेला, पाणी फिरलं तरी जागचा न हलणारा तो ‘बसलेला’. दिवसाला एकेकीकडे दहाबारा पोहणारे निघायचे, बसलेले एखाद-दुसरे. वहिनीला धास्ती बसलेल्यांची.

“पोहणारा पळता पळता सापडतो,” ती नव्या मुलींना सांगायची. “बसलेला शहाण्यासारखा बसून राहतो, आणि तिकडे खाटेजवळ बाटली टांगली की सुटतो. मग तो जातो कुठे, ते मला विचारू नका. तुम्हीच ठरवा.”

मुली ठरवायच्या आणि गप्प बसून बाटल्या पाहायच्या.

कारखान्यात तिला घारबाई म्हणत. डोळे काळेभोर, घारे अजिबात नाहीत. नाव पडलं ते नजरेवरून. एकदा साहेबांच्या, म्हणजे तपासणीच्या मुख्य साहेबांच्या, चष्म्याच्या काचेवर केसाएवढा चरा आहे हे तिनं दारातून सांगितलं होतं. साहेबांना तो स्वतःला दिसत नव्हता.

मला कारखान्यात तिनंच लावलं. आई गेल्यावर मी दादाकडे राहायला आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि काही करत नव्हतो. दादा रंगारी. त्यानं मला दोन महिने शिडी धरायला नेलं आणि मग वहिनीला म्हणाला, “ह्याला तूच बघ. हा शिडी धरतो की शिडी ह्याला धरते, कळत नाही.” वहिनीनं साहेबांशी बोलून मला दिव्यासमोर बसवलं. मी दोन दिवस टिकलो. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी ओकारी झाली.

“कणामागे काय धावता भावजी?” ती म्हणाली. “शेवटची बस सुटल्यासारखे?”

“मग पाहू कसं?”

तिनं कपाटातला हातभर आरसा काढून माझ्यासमोर धरला. “तुमचा डावा डोळा पाहा. आता उजवा. पुन्हा डावा. डोळा हलताना दिसला?”

दिसला नाही. कितीही वेळा केलं तरी नाही. शेजारच्या टेबलावरची उंच बाई हसून म्हणाली, “आम्हाला दिसतोय की. घड्याळाच्या लंबकासारखा हलतोय.”

“नजर उडी मारते,” वहिनी म्हणाली. “उडी मारताना ती आंधळी असते. तुम्ही बाटलीत दहा उड्या मारता, म्हणजे दहा वेळा आंधळे होता. नजर एका जागी सोडून द्या. कणाला समोरून जाऊ द्या. तो गेला की नजर आपोआप त्याच्याबरोबर सरकते. सरकताना तिला दिसतं.”

बोलणं कळलं, जमलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भट्टीवर गेलो आणि एकतीस वर्षं तिथेच राहिलो. वहिनी म्हणायची, “भट्टीत काच निर्धोक होते, पाणी निर्धोक होतं. तुमचं डोकं तेवढं कच्चं राहिलं.”

अर्धा तास तपासणी झाली की दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती. उठल्यावर पहिलं मिनिट चहाच्या कपाला हात लावायचा नाही, असा बायकांचा कायदा होता. इतका वेळ फिरणारं पाणी पाहिलं की फरशी उलट्या बाजूला फिरताना दिसते. कप जिथे दिसतो तिथे असेलच असं नाही. नवी मुलगी हा कायदा एकदाच मोडायची. वहिनी ते मिनिट भिंतीला टेकून, डोळे मिटून काढायची. सव्वीस वर्षांत तिनं दहाची अकरा मिनिटं केली नाहीत, आणि नऊही केली नाहीत.

ती चोपन्न वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी आम्ही दोघं कामावरून आलो. ती ओट्याशी भांडी लावत होती. दादा दारातून आत आला, हातात रंगाचा डबा, आणि तिच्यापुढे तीन हातांवर उभा राहिला. डबा कुठे ठेवू असं विचारायचं असावं त्याला.

वहिनीनं मान वर केली. “कोण आहे?”

दादा हसला. “तुझा नवरा. तीस वर्षं झाली, ओळख करून देऊ?”

ती हसली नाही. मान थोडी तिरपी करून त्याच्या कानाच्या बाजूला पाहिलं आणि म्हणाली, “हां. डबा मोरीत ठेवा.”

त्याच वेळी फळीवरून पातेल्याचं झाकण घसरलं. ते तिच्या उजव्या अंगाला, पार कडेला होतं. तिनं मान न वळवता हात घातला आणि झाकण हवेत धरलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. समोरचा माणूस दिसत नाही आणि बाजूचं झाकण दिसतं, हे काय? त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली की महिना-दोन महिने असं आहे. समोरच्या माणसाच्या तोंडावर कुणी बोट फिरवून पुसल्यासारखं वाटतं. सुईत दोरा जात नाही.

“आणि कामावर?” मी विचारलं.

“कामावर दिसतं,” ती म्हणाली. “तिथे दिसतं म्हणून तर बोलले नाही.”

शनिवारी अर्ध्या दिवसानं आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बाहुली मोठी करायचं औषध घातलं, दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं आणि मग कागदावर डोळा काढला.

“पुढे भिंग असतं, ते तुमचं चांगलं आहे. मागे पडदा. पडद्याच्या मधोमध तिळाएवढी जागा असते. अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं, बारीक सगळं त्या तिळावर पडतं तेव्हाच नीट दिसतं. तो तीळ झिजत चाललाय. दोन्ही डोळ्यांत. चष्म्यानं नाही येणार.”

“आणि बाकीचा पडदा?” वहिनीनं विचारलं.

“तो शाबूत आहे. पण तो जाडंभरडं पाहतो. काय आहे ते त्याला नीट सांगता येत नाही. हललं एवढं मात्र चटकन कळतं. झाकण त्यानं पकडलं.”

“म्हणजे फिरणारं मला दिसेल.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “काम काय करता?”

वहिनीनं सांगितलं. त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही इकडे या. भिंतीवर तो खिळा आहे, त्यावर नजर ठेवा. पापणी हलली तरी चालेल, नजर हलवायची नाही. खिळ्याच्या बाजूला ओलीचा फिकट डाग आहे, दिसतो?”

“दिसतो.”

“पाहत राहा.”

मी पाहत राहिलो. वीस-पंचवीस आकडे झाले असतील. डाग भिंतीत विरघळला. भिंत कोरी झाली. मी दचकून डोळे हलवले तशी डाग पुन्हा जागेवर.

“कडेचा पडदा असा आहे,” त्या म्हणाल्या. “न हलणाऱ्या गोष्टीचा त्याला कंटाळा येतो. सोडून देतो. तुम्ही मधल्या तिळानं पुन्हा पाहू शकता. यांना आता सगळं कडेनंच पाहायचं आहे.”

वहिनी मान खाली घालून ऐकत होती. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कामावर सांगा.”

“सांगते,” वहिनी म्हणाली. “आधी मला कळू दे काय सांगायचं ते.”

घरी आल्यावर चहा झाला, कप धुऊन झाले, मग माझ्यासमोर येऊन बसली.

“उद्या कारखाना बंद. तुम्ही भट्टी साफ करायला जाणार.”

“जाणार.”

“मी येते. लाल क्रेट आठवडाअखेर असतात, सोमवारी ओततात. त्यातल्या बाटल्या घ्या, चिठ्ठ्या काढा, चांगल्यांत मिसळा. दोनशे करा. खराब किती ते मला सांगू नका. मी पाहते. एक जरी सुटली तरी सोमवारी दिवा सोडला.”

“आणि नाही सुटली तर?”

“तर मला माझं काम येतं.”

दादा खाटेवरून म्हणाला, “अगं, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. एवढी घाई काय?”

“कुणाच्या तरी शिरेत जातं ते,” वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी तासभर पोचलो. भट्टीचं काम बाजूला ठेवलं आणि लाल क्रेट काढले. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी. धागा. काच. काळा. काच. धागा. बसलेला.

हात त्या बाटलीवर गेला आणि मागे आला.

भिंतीवरचा डाग विरघळलेला मी स्वतः पाहिला होता. मला अंदाज होता असं म्हणत नाही, मला माहीत होतं. मी वीस खराब बाटल्या निवडल्या. सगळ्या पोहणाऱ्या. क्रेटमधल्या जागा कागदावर लिहिल्या, चिठ्ठ्या खिशात घातल्या. मनाला सांगितलं की लाल क्रेटमध्ये पोहणारेच जास्त असतात, वीसांत वीस यायला काय हरकत. वहिनीला दिव्यासमोर बसायला आवडायचं. दोन वर्षं राहिली होती. ह्यापेक्षा दुसरं कारण नव्हतं.

ती आली, दिवा लावला, बसली. मी तिला पहिल्यांदाच इतक्या जवळून काम करताना पाहिलं. बाटली समोर धरली तरी ती बाटलीकडे पाहत नव्हती. पेटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत होती. मनगट फिरलं, थांबलं, पाणी फिरत राहिलं, आणि चवथ्या आकड्याला तिनं बाटली डावीकडे ठेवली. मी कागद पाहिला. बरोबर. दोनशे बाटल्या, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. वीसच्या वीस बाहेर काढल्या. चांगली एकही काढली नाही.

“किती होत्या?” तिनं विचारलं.

“वीस.”

“किती काढल्या?”

“वीस.”

तिनं दिवा बंद केला आणि जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, “चला, तुमची भट्टी घासू.” त्या दिवशी तिनं माझ्याबरोबर भट्टीची जाळी घासली, नको म्हटलं तरी. येताना दादासाठी विडीचं बंडल घेतलं. एरवी ती त्याच्या विडीला नावं ठेवायची.

सोमवार ते शनिवार ती दिव्यासमोर बसली. मी रोज काचेच्या दारातून पाहायचो. मान तिरपी, हात चालू.

शनिवारी सुट्टीच्या वेळी ती भट्टीच्या दारात आली. मी वाल्व बंद करत होतो.

“भावजी, मागच्या रविवारी बसलेले किती होते?”

मी वाल्व बंद करत राहिलो. तो बंद झाला होता.

“मी आठवडाभर चिठ्ठ्या लिहिल्या,” ती म्हणाली. “आज मोजल्या. चौसष्ट. धागा, काच, काळा. बसलेला एकही नाही. सव्वीस वर्षांत असा आठवडा गेला नाही. उंच बाईला सात मिळाले, तिच्या शेजारणीला सहा. मला शून्य. बाटल्या काय मला पाहून सुधारल्या? मग आठवलं, रविवारीही मी एकच तऱ्हा काढत होते. किती होते?”

“नव्हते.”

“एकही?”

“एकही.”

“सापडले नाहीत, की घेतले नाहीत?”

“घेतले नाहीत.”

भट्टीतून वाफ सुटायचा आवाज थांबला होता. तिनं माझ्या चेहऱ्याच्या बाजूला पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ती लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून?”

“हो.”

“वाटलं हो. सहा दिवस फार बरं वाटलं.” ती दाराच्या चौकटीला टेकली. “पण मी त्यावर सहा दिवस बाटल्या पास केल्या, भावजी.”

मग म्हणाली, “उद्या पुन्हा. आणि ह्या वेळी काम नीट करा.”

रविवारी मी काम नीट केलं. दहा पोहणारे, दहा बसलेले, दोनशेत मिसळून. बसलेल्यांत ओळखायला सोपे, अवघड, सगळे घेतले. खांद्याशी एक, तळाच्या वळणात दोन, बुचाखाली एक. एखादी सोपी दिसली की मी ती परत ठेवून दुसरी घ्यायचो आणि मग वाटायचं की आता उलट्या बाजूनं लबाडी होते आहे. शेवटी डोळे मिटून हाताला येतील त्या घेतल्या.

दहा पोहणारे तिनं काढले. बसलेल्यांपैकी एक. तो मसुराएवढा होता, माझ्यासारख्यालाही दारातून दिसला असता. बाकीचे नऊ तिनं उजवीकडे, चांगल्यांत ठेवले. प्रत्येक ठेवताना मी कागदावर फुली मारत होतो आणि पेन्सिलीचा आवाज होऊ नये म्हणून हलक्या हातानं मारत होतो.

“मारा जोरात,” ती मान न वळवता म्हणाली. “ऐकू येतं मला.”

संपल्यावर तिनं नऊ बाटल्या परत मागितल्या. एकेक हातात घेऊन पाहिली. समोर धरून, तिरपी धरून, काळ्यासमोर, पांढऱ्यासमोर. कण काचेबरोबर हलतो, पण मग छापलेली अक्षरंही हलतात, दिव्याची चमकही हलते. त्या गर्दीत तो वेगळा निघत नाही. तेवढं बारीक पाहायला तो तीळच लागतो. तिनं पाऊण तास प्रयत्न केला. एकही दिसला नाही. मग तिनं दिव्याची पेटी फडक्यानं पुसली, आतून, बाहेरून, मागची बाजू, वायरसुद्धा, आणि खुर्ची आत सारली.

संध्याकाळी दादा तिच्या शेजारी बसून म्हणाला, “एखादी भिंत बिघडली म्हणून रंगारी मरत नाही. पुन्हा हात मारतो.”

“भिंत कुणाच्या शिरेत जात नाही,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “पण पुन्हा हात मारता येईल. गोदामात चौदा दिवसांचा माल आहे.”

ते खरं होतं. बाटल्या भरल्या की चौदा दिवस गोदामात थांबतात. प्रयोगशाळेतून पाणी निर्जंतुक असल्याचा कागद आला की मगच बाहेर जातात. म्हणजे तिच्या शेवटच्या बारा कामाच्या दिवसांचा माल अजून आमच्याच छपराखाली होता. आणि त्यातले सहा दिवस माझे होते.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागून गेलो. साहेब म्हणाले, “तुमचं काय काम?”

“माझंही आहे,” मी म्हटलं.

वहिनीनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा कागद टेबलावर ठेवला. “फिरणारं सगळं दिसतं साहेब. बसलेलं दिसत नाही. मला दिव्यावरून उठवा. आणि सात नंबरचे सगळे क्रेट पुन्हा पाहायला लावा.”

“सगळे?” साहेबांनी वही ओढली. “चौदा हजारांच्या वर बाटल्या आहेत.”

“चौदा हजार तीनशे चाळीस.”

मग मी माझं सांगितलं. रविवार, लाल क्रेट, वीस बाटल्या. साहेबांनी चष्मा काढला. “बंद खोलीत, परवानगी न घेता?”

“हो.”

“आणि खोटी परीक्षा घेतलीत.”

“हो.”

त्यांनी माझी तीन दिवसांची हजेरी कापली आणि रविवारी उघडायची किल्ली काढून घेतली. दोन्ही योग्य होतं. वहिनीला त्यांनी खोकी बांधायच्या विभागात दिलं. निवृत्तीपर्यंत तिनं तिथे खोकी बांधली. तिच्या खोक्याची पट्टी कधी सुटली नाही. पण ते नंतरचं.

“ह्याच्या आधीचा माल?” वहिनीनं विचारलं. “डोळा काही चौदा दिवसांपूर्वी बिघडला नाही.”

“तो गेला. दवाखान्यांना पत्र पाठवतो. शिल्लक असेल तेवढा परत मागवतो.”

“आणि वापरला गेला तो?”

साहेबांनी वही मिटली. “कुठूनही तक्रार नाही,” ते म्हणाले. वहिनीनं मान हलवली. हे उत्तर नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं.

फेरतपासणी रोज कामानंतर, दीड तास. चार बायका दिव्यासमोर. मला वाटलं होतं कुरकुर होईल. झालीही. उंच बाई पहिल्या दिवशी म्हणाली, “घारबाई, तुझ्या पायी माझ्या घरी स्वयंपाक करायला कुणी नाही.”

“तुझा नवरा आहे ना?”

“म्हणून तर म्हणते कुणी नाही.”

वहिनी तिच्या बाजूला उभी राहून बाटल्या फिरवून द्यायची. मनगट तेच होतं. ती फिरवून, थांबवून, सरळ दिव्यासमोर धरायची आणि उंच बाई नुसती पाहायची. त्यांचं टेबल बाकीच्यांच्या दीडपट चाललं. मी आणि दादा क्रेट वाहायचो. दादाला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपलं काम आटपून, हाताला चुना तसाच, फाटकावर सांगून आत आला आणि म्हणाला, “कुठले उचलायचे?” साहेबांनी गोदामाकडे बोट दाखवलं. दादा क्रेट ठेवताना वहिनीसमोर आला की मुद्दाम हात हलवायचा.

“काय माश्या मारताय?” ती म्हणायची.

“तुला दिसावा म्हणून.”

“तुमच्या चुन्याच्या वासावरून कळतं. हात क्रेटला लावा.”

गोदामाच्या दारापासून टेबलापर्यंत बावन्न पावलं. दर क्रेटमध्ये चोवीस बाटल्या. मी एका वेळी एकच क्रेट नेला. दोन नेले तर बाटल्या एकमेकींवर आपटतात.

आठव्या दिवसापर्यंत पंधरा बसलेले निघाले. आठ त्या सहा दिवसांतले. नवव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, तास होऊन गेल्यावर उंच बाईनं वहिनीच्या हातातून बाटली घेतली, पुन्हा पाहिली आणि माझ्याकडे दिली. क्रेटवरची तारीख माझ्या त्या आठवड्यातल्या गुरुवारची होती. बाटलीच्या खांद्याशी, आतून, काचेचा कण. तांदळाच्या कणीच्या निम्म्याएवढा.

वहिनीनं हात पुढे केला. मी बाटली दिली. तिनं दिव्याकडे धरली, मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या.

“कुठे आहे?”

मी तिचं बोट धरून काचेवर ठेवलं. “इथे. आतून.”

ती बोट तसंच ठेवून पाहत राहिली. “बरं,” ती म्हणाली. मग बाटली घेऊन मोरीकडे गेली. मी मागून गेलो. खराब बाटली ओतायचं काम तपासणाऱ्या बाईचं नाही. पण कुणी तिला अडवलं नाही. तिनं बूच काढलं, पाणी मोरीत ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरली.

“एक चूक तुमची, एक माझी असं धरू नका,” ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली. “पास मी केली. नंबर सात आहे.”

“मी घेतली असती एक जरी बसलेली, तर तू त्या सोमवारी उठली असतीस.”

“असते.” तिनं रिकामी बाटली काचेच्या पिंपात ठेवली, टाकली नाही. ओले हात झटकले आणि माझ्या खांद्याला पुसले, मी लहान दीर होतो तेव्हा पुसायची तसे. “आणि तुम्ही नसतात, तर मी ती परीक्षा घ्यायला कुणाला सांगितलं असतं? किती क्रेट उरलेत?”

“अठरा.”

“मग उभे काय राहिलात? तुमचे दादा एकटे वाहताहेत.”

मी गोदामाकडे गेलो.